जवळचा आरसा

पडलेला सर्व्हर सोपा असतो.
दार वाजवायचं, पाच सेकंद थांबायचं,
पुन्हा वाजवायचं, आता दहा,
मग यादीतल्या पुढच्या दाराशी.
अर्धी उतरलेली फाइल हातात तशीच धरून
जिथे तुटली त्या बाइटपासून पुढचं मागायचं.
हा कोड लिहिला त्या आठवड्यात
ताय नदीवर धुकं होतं, पलीकडचं गाव दिसत नव्हतं.
दिसत नाही म्हणून ते बुडालं
असं काही मी धरलं नाही.
तीनदा विचारून पाहायचं, हे तेव्हाच ठरलं.

तक्रार आली सप्टेंबरात,
इन्व्हरनेसजवळच्या एका शाळेतून:
तुमचा डाउनलोडर रोज धावतो, रोज झालं म्हणतो,
आणि रोज आम्हाला मार्चचीच आवृत्ती वाढतो.

लॉग उघडले. एकही ओळ लाल नाही.
लीड्स, स्वान्झी, ओहायोतलं टोलेडो
रांगेत ताटकळलेले, त्यांची पाळीच येत नव्हती.
कारण पहिला मिरर इथलाच, डंडीचा,
माझ्या खोलीपासून चालत बारा मिनिटं.
हाक मारली की हजर,
विचारलं की दोनशे. दोनशे म्हणजे सगळं ठीक.
चेकसमही जुळत होता.
जुनी यादी, जुनी फाइल,
दोघी एकमेकींची साक्ष काढत होत्या
आणि मी त्यांना साक्षीदार मानून बसले होते.

गेले शेवटी. पर्थ रोडवर छत्री दोनदा उलटी झाली.
विद्यापीठाच्या तळघरात, बादल्यांच्या खोलीशेजारी,
सेंगा किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली.
‘फर्गसचं कपाट? तो गेला ना मार्चमध्ये.’
तिचं इंग्रजी माझ्या डोक्यात मराठी होऊन पडलं
आणि मी दचकले.
रिटायर झाला, एवढंच.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर टेकवलेलं यंत्र.
हिरवा दिवा. पंख्याची घरघर, दम्याच्या माणसासारखी.
चिकटपट्टीवर त्याचं अक्षर: बंद करू नये.
कोणी केलं नव्हतं.
फक्त रात्री दोनला मूळ सर्व्हरकडे जाऊन
नवं घेऊन यायचं, ते काम
त्याच्या नावाच्या खात्यातून चालायचं,
आणि खातं नियमाप्रमाणे त्याच्याबरोबर बंद झालं.
तेव्हापासून हा बसल्या जागी,
येईल त्याला मार्च देत.

संध्याकाळी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.
‘कर्स्टीला काय झालं? मुलगा की मुलगी?’
कर्स्टीची लेक एप्रिलची. आता पालथी पडते,
ऑफिसात सगळ्यांनी व्हिडिओ पाहिलाय.
मुलगी, म्हणाले.
तो इतका हरखला, जणू आत्ताच
दवाखान्यातून कोणी बाहेर येऊन सांगितलं.
मग जरा थांबून: ‘आणि तो? चालू आहे ना?’
चालू आहे. लगेच उत्तर देतो.
‘गुणी आहे,’ फर्गस म्हणाला.
पुढचं मी सांगितलं नाही.
म्हणजे सांगितलं, पण दोन दिवसांनी,
नवं खातं उघडून झाल्यावर.

रात्री कोडात सात ओळी घातल्या.
चेकसम आता मूळ ठिकाणाहूनच आणायचा.
उत्तर आलं की आधी तारीख बघायची.
मूळच्या तारखेहून दोन दिवस मागे असेल
तर वाद न घालता पुढच्याकडे वळायचं.
नाव मात्र खोडायचं नाही.
तासाभराने परत त्याच दारात.

स्वान्झीहून अनवेनने कोड तपासला,
त्या शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं:
मेलेल्या मिररला दर तासाला कशाला विचारायचं?

मी बराच वेळ काही टाइप केलं नाही.
खिडकीबाहेर पुलावरून शेवटची गाडी गेली,
डब्यांचे दिवे पाण्यात, थोडे उशिरा.
मग लिहिलं:
मेलेला नाही.
त्याला कोणी काही कळवलं नाही, इतकंच.