नो-गो

जाहिरात चार ओळींची होती.
क्वालिटी इन्स्पेक्टर पाहिजे, अंबड एमआयडीसी,
अनुभव असल्यास प्राधान्य.
स्वभाव कसा हवा ते लिहायला जागा नव्हती
आणि खरं सांगायचं तर मलाही ते ठाऊक नव्हतं.

बस्ते निवृत्त होत होते. एकतीस वर्षं
त्यांनी आधी माझ्या वडिलांचं, मग माझं
‘जाऊ द्या हो’ ऐकलं
आणि एक नगही जाऊ दिला नाही.
अशा माणसाच्या जागी माणूस शोधायचा,
म्हणजे जुनी चप्पल हातात धरून
गावभर पाय शोधत हिंडायचं.

सकाळपासून अकरा जण येऊन गेले.
पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता,
हा प्रश्न मी नेटवरून उचलला होता,
गंगापूर रोडच्या मुलाने उत्तरही तिथूनच.
सातपूरच्या एकाने आधी पगार विचारला.
तो मला आवडला,
पण त्याला पुणं हवं होतं.

बारावी हर्षाली गांगुर्डे.
मोहाडीहून दोन गाड्या बदलून आलेली,
फाइल ओढणीत गुंडाळून.
अनुभव? द्राक्षाचं पॅकहाऊस, तीन हंगाम.
मी पेन खाली ठेवलं.
बस्त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

‘काय करायचीस तिथं?’
‘मणी मापायचे. चकतीला भोकं असतात, सोळा, अठरा.
अठरातून पडला की तो मणी बोटीवर चढत नाही.’
‘दर मण्याला चकती?’
‘पहिला महिनाभर. मग अंगठ्याला कळतं.’

बस्त्यांनी खिशातून दोन पिना काढून
तिच्या तळहातावर ठेवल्या.
तिने डोळे मिटले नाहीत की काही नाही,
माझ्याकडे बघत बघतच बोटांत फिरवल्या.
‘ही बारीक आहे. किती, ते नाही सांगता येणार.’
‘किती ते सांगायला यंत्र आहे,’ बस्ते म्हणाले,
आणि उठून चहा सांगायला गेले.

मायक्रोमीटर धरायला तीन आठवडे लागले.
रॅचेट तीनदा टिकटिकली की थांबायचं,
लोखंड पिळून आपल्या मापाचं करायचं नाही.
ड्रॉइंग मात्र तिला छळायचं.
एकदा स्टोअरमध्ये गोणपाटावर बसून रडली,
तर निवृत्त बस्ते दर गुरुवारी यायला लागले,
बिनपगारी, एका कटिंगवर.

मार्चअखेर. नऊशे बुश. गाडी दारात,
ड्रायव्हर हॉर्न देतोय,
आणि पेट्यांवर हिचा लाल टॅग.
नो-गो गेज आत जातंय, म्हणाली.
‘अगं, दोन शतांश. जाऊ दे.’
तिने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.
‘मग तुम्ही करा सही, सर. मी नाही करणार.’

मी केली.

माल गेला. परत आला नाही,
तक्रार नाही, फोन नाही, पैसे वेळेवर.
पण त्या पानावर माझी सही एकटीच आहे
आणि रजिस्टर चाळताना
अजून माझा अंगठा तिथे अडतो.

दोन वर्षांनी सिन्नरच्या मोठ्या कंपनीने
तिला दुप्पट दिले.
शिकवलं आपण, पिकलं त्यांच्याकडे,
असं मी घरी चिडून म्हणालो.
शिफारसपत्र मात्र स्वतः टाइप केलं,
‘हट्टी’ हा शब्द लिहून खोडला,
पुन्हा लिहिला.

आज परत चार ओळींची जाहिरात, परत अकरा जण.
सुट्टी म्हणून हर्षाली आलीय,
बस्त्यांच्या खुर्चीत बसलीय.
समोर पिंपळगावचा एक पोरगा,
नखांत ग्रीस, शर्टाची घडी नवी.
‘साहेबाला कधी नाही म्हणालायस?’ तिने विचारलं.

तो बराच वेळ गप्प राहिला.
मग म्हणाला, ‘इथं चालतं का?’

आता दोघंही माझ्याकडे बघतायत.