स्पीकर तपासताना

सेलूच्या स्टँडामागं मुस्तकीमचं दुकान.
दुरुस्त झालेला प्रत्येक स्पीकर तो
एकाच गाण्यावर तपासतो:
खाली संथ, मशिनीचा ठोका,
वर कुठूनतरी लांबवलेली सतार.

“बॅटरी उतरली का रं ह्याची?”
चार्जर घ्यायला आलेला गंगाधर म्हणाला.

जिंतूरच्या गाडीसाठी थांबलेल्या
निवृत्त संगीतशिक्षिका मानवतकरबाई
नाक मुरडून बोलल्या,
“ही मींड बोटाची नाही, बटणाची.”
मग गाडी लागली, भरली, गेली,
आणि बाई तिथंच, पिशवी खांद्यावर.

अफसाना आपा म्हणाली, झोप येतीय हे ऐकून.
तिनंच आवाज वाढवायला लावला.

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही.
वेल्डिंगवरून सुटून आलो होतो,
डोळ्यांत अजून ठिणग्या.
एका जागी ठोका थांबतो
आणि एकटी तार उरते,
तापल्या पत्र्यावरच्या थेंबागत,
आता उडंल, आता उडंल.

नेमकं तिथंच, नेहमीसारखं,
मुस्तकीमनं गाणं बंद केलं.
“वाजतोय,” म्हणाला. “दीडशे झाले.”

मानवतकरबाई म्हणाल्या,
“थांब रे. सम येऊ दे.”