बुटांना नमदा

पहाटे साडेतीनला ड्यॉरच्या स्टेशनासमोरून बस सुटली
आणि उजाडायच्या आत सतराशे ऐंशी साल आलं.

चाळीस जण उतरलो महालाच्या मागल्या दारी:
दोन विद्यार्थी, एक चष्मेविक्या, जुळ्या बहिणी,
शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलणारी मी
आणि रेल्वेतून निवृत्त झालेला ओडॉन.
उमरावांचा तुटवडा असावा.

मेकअपवाल्या पोरीने माझा दंड धरला.
देवी टोचल्याची खूण.
"सोळा वर्षं लवकर आलात मावशी,
ही लस अजून निघायची आहे."
वर बोटभर लेप थापला.
मला कडेवर घेऊन
आईने रांगेत काढलेली एक सकाळ
पावडरीखाली गेली.

ओडॉनच्या उजव्या हाताला मधलं बोट नाही.
मिन्युएटमध्ये मिठी नसते, कंबर नसते,
बोटांची टोकं तेवढी टेकवायची,
तवा तापलाय का बघतो तशी.
नाच बसवणारी बाई विचारात पडली.
मग कपडेपटातून आला पांढरा हातमोजा,
मधल्या बोटात कापूस ठासलेला.
दिवसभर मी त्या कापसाला धरून नाचले.

पहिले आठ ठोके संगीत. मग बंद.
पुढे नायिकेचे संवाद, म्हणून शांतता,
आणि त्या शांततेत नाचायचं आम्ही,
बुटांच्या तळाला नमदा चिकटवून, मनात मोजत.
रेशमाची सळसळही नको, म्हणे.
गप्पा मारायच्या, पण नुसत्या ओठांनी.

मी उद्याचा स्वयंपाक सांगत होते:
मसूर, गाजर, तेल बेताचं, एकशे ऐंशी ताटं.
तो काय सांगतोय ते चौथ्या टेकला उमगलं.
स्टेशनं!
तता. आल्माशफ्युझितो. कोमारोम.
मग पाऊल मागे, गुडघ्यात किंचित लवून:
ड्यॉर.

मध्ये आच लागतं. लहानपणी त्याच गाडीने
मी मावशीकडे जायची, आचला लिमलेट मिळायचं.
नवव्या टेकला आच नाही. बाराव्याला नाही.
कोमारोमनंतर दोन ठोके ओठ मिटलेले,
की गाडी पुढे.

जेवणाला नटांचा तंबू वेगळा.
आम्ही बाकावर, गळ्याभोवती प्लास्टिक बांधून,
लेसवर गुलाश सांडला तर दिवसाचा पगार जायचा.
"आच का गाळता?" मी विचारलंच.
त्याने हातमोजा काढला,
कापसाचं बोट सरळ करून
पावाशेजारी ठेवलं.
"डबे जोडत होतो," म्हणाला. "बर्फ होतं."
मग मिठाची पुडी मागितली.
मी दिली. आणखी काय देणार?

सोळाव्या टेकला, मेणबत्त्या तिसऱ्यांदा बदलल्यावर,
कोमारोमनंतर त्याचे ओठ उघडले.
काय म्हणाले ते शपथेवर सांगता येणार नाही,
नेमका तेव्हाच मधून नायिकेचा पंखा गेला,
पिसं, पिसं,
आणि कट.

पुढच्या मार्चमध्ये एकटीच जाऊन सिनेमा पाहिला.
आम्ही चार सेकंद आहोत, तेही धूसर,
तिच्या कानातल्या मोत्यामागे.
पण दालनभर केवढा कडकडाट लाकडी टाचांचा!
कुणीतरी कुठल्याशा बंद खोलीत बसून
आमच्या मुक्या पायांना आवाज लावला होता,
झग्यांना सळसळ लावली होती,
ओठांना कुजबुज.

शेजारचा पोरगा मक्याच्या लाह्या चघळत होता.
मी पुढे वाकले, कान टवकारले.
त्या कुजबुजीत एकही स्टेशन नव्हतं.