पेट्रोल माझं

संगीत कुणाचंही असो, पेट्रोल माझं.
दार-ए-सलामच्या तंदाले वस्तीत
मला एवढ्यावरच ओळखतात:
म्तोरो, जनरेटरवाला,
डाव्या हाताचा अंगठा भाजलेला.

लग्न, बारसं, कुणाची मुलगी न्हाती झाली,
निमित्त काहीही चालतं.
गल्लीचं तोंड दोन बाकांनी बंद करायचं,
स्पीकर रचायचे खुराड्यांसारखे, एकावर एक,
आणि पहाटेपर्यंत कुणी झोपायचं नाही.
तरी या जलशाला म्हणतात किगोदोरो,
म्हणजे छोटी गादी.
का, ते मला विचारू नका.
गादी मी अजून पाहिलेली नाही.

शोमारी माझ्या शेजारच्या खोलीत गाणी करतो.
भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे, खिडकीला कांबळं,
कीबोर्डावरची एक कळ गेलेली,
तिथं तो काडेपेटीतली काडी खुपसतो.
वेग दोनशे दहा.
माणसाचं काळीज एवढं धावतं
ते कुत्रं मागे लागलं तरच.
मी एकदा म्हणालो, जरा सावकाश.
तो म्हणाला, मामा,
सावकाश चालायला रस्ता रुंद लागतो.

त्याची आई झुवेना सकाळी वितुंबुआ तळते,
नारळाच्या दुधात भिजल्या तांदळाचे.
एके काळी ती ताराबच्या मेळ्यात गायची.
सहा व्हायोलिनवाले खुर्च्यांवर बसलेले
आणि एकेक गाणं वीस मिनिटांचं.
कडव्यातला टोमणा जिच्या सवतीला लागायचा
ती बाई ठुमकत उठायची
आणि झुवेनाच्या हातात नोट ठेवायची.

त्या दिवसांतली एकच कॅसेट उरली होती.
शोमारीनं ती संगणकात ओतली.
मला वाटलं, आवाज घेईल,
तान घेईल, निदान तो टोमणा तरी.
त्यानं त्यातलं काहीच घेतलं नाही.
घेतला फक्त दम,
दुसऱ्या कडव्याआधी तिनं भरलेला,
अर्ध्या सेकंदाचा,
जरा घोगरा,
कारण तेव्हा शोमारी पोटात होता.
सातवा महिना.

शनिवारी तो दम
मिनिटाला दोनशे दहा वेळा वाजला.
पोरी कमरेला कांगा आवळून
पार जमिनीपर्यंत वाकत होत्या,
एक पोरगा माइक चावत
घरमालकाचा, पोलिसांचा, सोडून गेलेल्या पोरीचा
उद्धार करत सुटला होता, स्वल्पविरामसुद्धा नाही.
पोलीस आले. चहाचे पैसे घेतले.
जाताना त्यांच्यातल्या एकाचा खांदा उडत होता.
मी पाहिलं.

झुवेना कोपऱ्यात कढईपाशी.
झारा हातातच थांबला तिचा.
'ही बाई,' ती म्हणाली,
'केव्हाची नुसता श्वासच घेतेय.
गाणार कधी?'

तेवढ्यात माझं मशीन खोकलं
आणि बसलं.

अंधार.
तीनशे जणांचे पाय आणखी थोडे चालले,
उतारावरच्या सायकलीसारखे,
मग थांबले.
कुठंतरी एक मूल रडलं, गप्प झालं.
आणि कोपऱ्यातून ऐकू आला
खरा, मंद, वयानं जड झालेला
एकच दम.
सगळी गल्ली तिकडे वळली.
आता गाते,
आता गाते.

'शोमारी,' ती म्हणाली,
'येताना मीठ आण.'

हसण्याचा असा फुगा फुटला
की तेवढ्यात मी हात साधून घेतला:
भिंतीला टेकलेली एक मोटारसायकल,
टाकीत नळी, नळीला तोंड,
ओढला दम.
जिभेवर ती चव अजून आहे.
मोटारसायकल कुणाची ते सोमवारी कळलं,
पण ती भानगड वेगळी.

दोरी ओढली. एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा दिवे आले,
आणि ती पुन्हा श्वास घ्यायला लागली,
सात महिन्यांची, गाणं अजून पुढे असलेली.

संगीत कुणाचं,
ते त्या रात्रीपुरतं मला विचारू नका.
त्या रात्री पेट्रोलही माझं नव्हतं.