घट

सोन्या मारुतीवरून पुढे, डाव्या हाताच्या बोळात
जिन्याखाली माझी बैठक.
एक मोटर, चार ब्रश, रिठ्याचं घमेलं, खडूची पूड.
काळं काढायचं आणि गप्प बसायचं.
बोलायचं काम वरचं, पोरवाल शेठचं.

मार्था ओहोळ बोपोडीहून आल्या, बुधवारी.
तांदळाच्या पिशवीत टॉवेल, टॉवेलात भांडं.
दापोडीच्या कारखान्यातला स्वीडनचा साहेब
चौऱ्याहत्तर साली सामान बांधताना म्हणाला होता,
हे तू ठेव मार्था, हे तुज्याच हातातलं.
'तुज्याच', बाईंनी पुन्हा म्हणून दाखवलं,
त्याच्या मराठीत.

शेठनी कसोटीवर ओढलं, तेजाबाचा थेंब टाकला.
सहाशे चौदा ग्रॅम. टंच त्र्याऐंशी.
'घट जाऊन पाचशे धरा बाई.'
आणि मळ वजनात नको
म्हणून खाली माझ्याकडे पाठवलं.

बुडाला शिक्के. तीन मुकुट, एक अक्षर,
एक मुकुट घातलेलं डोकं,
भिंगातून आमच्या देवघरातल्या टाकासारखं.
वर चौफेर नेच्याचे कोंब,
ताम्हिणीत ओल्या दगडाआड असतात ना, तसे,
मुठी मिटून.
एकसुद्धा उलगडलेला नाही.
पायाशी जाड, आणि वर चढताना
भार कुणीतरी मोजून मोजून कमी केलेला.
याने आधी विटा रचल्या असणार, मी म्हणालो.

बाई हसल्या. 'घरं बांधणाराच होता तो.
साहेबांच्या गावची पाण्याची टाकी त्याचीच.
साहेब म्हणायचे, टाकी पाहिली की भूक लागते
आणि हे भांडं पाहिलं की तहान.
अशी दोन केली म्हणे. दुसरं कुठं गेलं
कुणाला ठाऊक नाही.'

पन्नास वर्षं हे एक बोपोडीत होतं.
त्यात केकचं पीठ भिजलं, गुंड्या राहिल्या,
रेशनकार्ड राहिलं,
आणि चर्चचं भांडं गळायला लागलं त्या साली
वस्तीतल्या अकरा पोरांच्या बाप्तिस्म्याचं पाणी.

मी ब्रश लावला.
कोंबांच्या मधलं काळं निघेना.
निघालं असतं, मीच जोर केला नाही.
ते काळं गेलं असतं तर मुठी उघडल्यासारख्या दिसल्या असत्या.

'तसं नाही. असं धर.'
माझा खडूने पांढरा झालेला अंगठा पकडून
बाईंनी काठाच्या खाली नेला, दोन कोंबांच्या मागे.
तिथे खळगा.
जेवायला बसलेल्याला दिसणार नाही अशा जागी,
वाढणाऱ्याच्या अंगठ्याएवढा,
भरलेलं भांडं निसटू नये इतपत आत.
'साहेबांना माहीत नव्हतं. मडमेलाही नाही.
पहिल्या दिवशी सूप नेताना मला घावला.
मी कुणाला बोलले नाही.'

वरून हाक. झालं का रे? भट्टी पाचला पेटते.

मग मी काय बोललो ते नीट आठवत नाही.
बहुतेक वजनाचंच काहीतरी,
की एवढ्या खळग्यापायी किती चांदी वाचली असेल,
दोन ग्रॅम? तीन?
बाई म्हणाल्या, लाइटबिल तीन हजार सहाशे आहे.
मी उचलीतले दिले.
परत कधी देऊ, त्यांनी विचारलं.
मी घमेल्यातलं पाणी ओतायला उठलो.

मनपाच्या थांब्यापर्यंत पोचवायला गेलो.
बस येईपर्यंत त्यांनी पिशवी छातीशी धरली होती
आणि कापडावरून कळत होतं
अंगठा कुठे आहे.

परत आलो तेव्हा शेठ काही बोलले नाहीत.
वहीत माझ्या नावापुढे, उचलीच्या आकड्याखाली,
त्यांच्या वळणदार अक्षरात
फक्त एवढंच:
घट, एक.