दोन बोटं माया

तिसऱ्यांदा निसटली तेव्हा मी तालमीच्या खोलीतच होते,
तोंडात टाचण्या धरून.
ढोल लगेच थांबला नाही.
रेवाझ उडी मारून गुडघ्यांवर उतरला,
कुताइसीतले सगळे मुलगे उतरतात तसा,
आणि डाव्या गुडघ्याची वाटी
बाहेरच्या अंगाला जाऊन बसली,
चुकीच्या घरात शिरलेल्या पाहुण्यासारखी.

"हात लावू नका," तो म्हणाला. तेरा वर्षांचा.
मग त्यानंच पाय हळूहळू सरळ केला
आणि ती परत आली.
खट्.
कात्री मिटताना तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तिबिलिसीपर्यंत मिनीबसनं चार तास.
रिकोतीच्या घाटात त्यानं पाय माझ्या मांडीवर ठेवला,
बऱ्याच वर्षांनी.

डॉक्टर त्सिसानानं फिल्म उजेडावर चढवली.
"वाटी ज्या खाचेतून सरकते, ती ह्याची उथळ आहे. बशीच म्हणा.
आणि आतून धरून ठेवणारा बंध गेलाय.
मोठ्या माणसाचं हाड कापून सरकवता येतं, खाच खोल करता येते.
ह्याला ते नाही."
तिनं पेन्सिलीचं टोक टेकवलं एका काळ्या रेघेवर,
आडवी, जराशी नागमोडी, गुडघ्याच्या किंचित वर.
"इथून तो अजून वाढतोय.
हिला भोक पडलं तर पाय वाकडा वाढेल,
नाहीतर आखूड राहील."

सतरा वर्षं मी नाचणाऱ्या पोरांचे चोखे शिवतेय.
वाढत्या अंगाच्या कपड्यात
बाहीला, कमरेला, खालच्या दुमडीत
दोन बोटं माया ठेवायची असते.
कितीही बेढब वाटली तरी कापायची नाही.

"म्हणजे माया सोडून शिवणार तुम्ही," मी म्हणाले.
तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
"हो. रेघेच्या खालून. फार जागा नाही तिथे."
"आणि धागा?"
"त्याच्याच मांडीतली एक कंडरा."
बरं झालं. त्याच ठाणातला.

रेवाझनं नाचाचं काही विचारलं नाही.
विचारलं, "मी अजून किती वाढणार?"
"अकरा सेंटिमीटर. कदाचित बारा."
त्याचे वडील पोलंडमध्ये ट्रक चालवतात;
फोनवर कोण किती उंच झालं ते कळत नाही.

दोन तास दहा मिनिटं.
व्हरांड्यात मी कुणाच्या तरी बाहीची शिवण उसवली
आणि तीच पुन्हा घातली.

मग पट्टा, त्याच्या बिजागरीचा स्क्रू:
तीस अंश, साठ, नव्वद.
दुखतं म्हणून तो रडला नाही.
मांडी बारीक झालेली दिसली तेव्हा रडला.
मी टेप लावली. उजवी एक्केचाळीस, डावी छत्तीस.
गिऱ्हाइकांच्या वहीत लिहून ठेवलं, त्याच्या नावाचं पान उघडून.
दर रविवारी एक ओळ.

काल त्याची शाळेची पँट घोट्याच्या वर आली होती,
दोन्ही पायांवर सारखीच;
मी दोनदा मापून पाहिलं.
दुमड उसवली. आतलं कापड गडद निळं,
उन्ह न लागलेलं.

उसवताना एक बटण घरंगळून मशिनखाली गेलं.
तो शोधायला वाकला
आणि टेकला.
डावा गुडघा. फरशीवर.
त्याच्या लक्षातही आलं नाही.

मी पायडलवरचा पाय उचलून धरला
आणि काही बोलले नाही.
"दिसत नाहीये," तो खालून म्हणाला.
"शोध अजून," मी म्हणाले.