तेरा पॉइंट आठ

असरच्या नमाजानंतर सोहारच्या बाजारात शटर वर जातं
आणि याकूब बलुशी काउंटरवर दोन डबे मांडतो.
एक जड. आत तांब्याचं रोहित्र, उचलताना कंबर बोलते.
दुसरा टिफिनएवढा,
तीस अँपिअर देतो, आणि वर फुकट
थोडी कुरकुर, अँटेनाला ऐकू जाईल अशी.
जडच द्या, म्हणालो.
आईचा पाटा जागचा हलत नसे,
म्हणून तर वाटण बारीक व्हायचं.

मग बॅटरी.
शिशाची स्वस्त, पण इथल्या दोन जुलैंत फुगते.
मागची फुगली होती, आणि ऐन वादळात
दहा व्होल्टवर येऊन गप्प झाली,
शिपाई डुलकीला जावा तशी.
लिथियमची महाग. तिला चार्जरही वेगळा,
तिच्या तब्येतीला मानवेल असा.

"कितना घंटा चाहिए?"
मी वही उघडली. ऐकताना एक अँपिअर, बोलताना वीस,
दहा मिनिटांत बोलणं एकच मिनिट,
म्हणजे तासाला तीन धरा. चाळीसची घेतली
तर रात्र निघते.
याकूबनं आकडे बोटानं पुन्हा मोजले.
"बोलते बहुत कम हो आप."
हे घरी कुणाला पटणार नाही.

रात्री जोडलं. लाल लालला, काळी काळीला,
मध्ये फ्यूज, नटावर पाना आणखी एक आटा.
मीटरवर तेरा पॉइंट आठ, केसभरही इकडेतिकडे नाही.
मग कुणाला न सांगता
मेन स्विच खाली ओढला.

एसी थांबला. फ्रीज थांबला.
"गेली का?" आतून रेवती.
"नाही गं, मीच."
डायलचा दिवा लुकलुकलासुद्धा नाही.
पण सुई
सातवरून घसरत दोनवर आली,

आणि अकरा वर्षं जिला मी आकाशाची खरखर समजत होतो
ती आमचीच निघाली:
एसीची, ट्यूबची, उशाशी लावलेल्या चार्जरांची.

तिच्याखाली कुणीतरी होतं.
बारीक, किल्लीवर हात जरा अडखळणारा,
डा डिट, डा डिट,
कुणी आहे का, कुणी आहे का.

घाम मानेवरून उतरू लागला.
रेवती कणकेच्या हातांनी दारात उभी.
"कोण आहे?"
"कळलं नाही अजून."
"पाच मिनिटं," ती म्हणाली,
आणि अंधारात चाचपत
पलंगाच्या कडेला बसली.